पट फिरवलास, त्याबद्दल

प्रिय मुली,

तुझं नाव मला माहीत आहे. जोड्यांच्या यादीत माझ्या नावासमोरच छापलं होतं. पण तू अजून शाळेत आहेस आणि तुझ्या वडिलांना न विचारता ते चारचौघांत घेणं मला बरं वाटत नाही. खूण सांगतो. मंगल कार्यालयातली बुद्धिबळाची जलद स्पर्धा, चौथी फेरी, दारालगतचं टेबल. काळी मोहरी घेऊन, चष्मा कपाळावर चढवून बसलेला काका म्हणजे मी.

तू मला हरवलंस, त्याचे आभार नाहीत. ते काम तू न मागता आणि फार पटकन उरकलंस. आभार त्यानंतरच्या अर्ध्या तासाचे आहेत. त्यातही खरं म्हणजे एकाच हालचालीचे. तिच्याकडे येतोच, पण आधी थोडं मन मोकळं करतो. तुझ्याआधी ज्यांच्याकडे गेलो त्यांच्याबद्दल मनात बरंच साचलंय.

मला ग्रुनफेल्ड शिकायचं होतं, म्हणजे काळ्या मोहऱ्यांनी खेळायचा एक बचाव. का, तर आमच्या घरात बुद्धिबळ आलं ते आजोबांच्या देशी पद्धतीनं. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं, आणि शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा. आजोबांचं म्हणणं एकच: मधली घरं ज्याची, डाव त्याचा. तेच घोकत मी मोठा झालो. मग कधीतरी असा बचाव पाहिला ज्यात काळा मधली घरं चक्क समोरच्याला देऊन टाकतो. (घरांची नावं अशी: उभ्या रांगा ए ते एच, आडव्या पांढऱ्याकडून एक ते आठ.) डी४, घोडा एफ६. सी४, जी६. घोडा सी३, आणि आता डी५. पांढरा ते प्यादं मारतो, काळ्याचा घोडा तिथे येतो, ई४ त्याला हुसकावतं, घोडा जाता जाता सी३चा घोडा घेऊन जातो. पांढरा बी प्याद्यानं परत मारतो आणि सी३, डी४, ई४ अशी त्याची भिंत उभी राहते. काळ्याकडे मध्यात एकही प्यादं नाही. आणि तरीही हा बचाव जगज्जेता फिशर खेळला, जगज्जेता कास्पारोव्ह खेळला, रशियाचा ग्रँडमास्टर स्विडलर तर आयुष्यभर खेळला. हे चालतं कसं, ते मला समजून घ्यायचं होतं. खेळता येणं ही पुढची गोष्ट.

तर पहिले गुरुजी. ऑनलाइन वर्ग, फी आगाऊ. त्यांनी माझं वय विचारलं आणि म्हणाले, ‘काका, या वयात ग्रुनफेल्ड? २०१०मध्ये सोफियाला जगज्जेतेपदाच्या सामन्यात टोपालोव्हविरुद्ध पहिल्याच डावात आनंद यातच हरला. तिथे तुमचा काय पाड?’ आता आनंद हरला हे खरं. आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेनं विमानं बंद होती, बिचारा फ्रँकफर्टहून मोटारीनं सोफियाला पोचला होता, आणि डावात घरच्या तयारीचा क्रम आठवताना त्याची गल्लत झाली. पण तोच सामना पुढे साडेसहा-साडेपाच असा त्यानं जिंकला, हे गुरुजींनी सांगितलं नाही. तरी मी हट्ट धरला, तेव्हा त्यांनी एक फाइल पाठवली. पानंच्या पानं चाली आणि प्रत्येकीपुढे इंजिनाचा, म्हणजे चाली जोखणाऱ्या संगणकाचा, आकडा. शून्य पूर्णांक तीन, शून्य पूर्णांक एक, शून्य. मी विचारलं, ‘सर, इथे उंट जी४वर का येतो?’ उत्तर आलं, ‘इंजिनाची पहिली पसंती आहे.’ मी पुन्हा काही विचारलं नाही. फी अर्थातच परत मिळाली नाही.

दुसरे आमच्या कट्ट्यावरचे ज्येष्ठ. त्यांच्या मते हे सगळं परदेशी फॅड, पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाच्या कॉफीहाउसांत बसणाऱ्या रिकामटेकड्यांनी काढलेलं. रेटी, ब्रेयर, निम्झोविच, ग्रुनफेल्ड ही मंडळी त्याच काळातली हे कबूल. जर्मन उस्ताद टाराशनं घालून दिलेले मध्याचे नियम मोडायचे, मधली घरं प्याद्यांनी भरण्याऐवजी लांबून मोहऱ्यांनी धाकात ठेवायची, ही त्यांची हायपरमॉडर्न शाळा. ग्रुनफेल्डनं हा बचाव १९२२मध्ये गाजवला तेही बरोबर. पण त्याच्या ६७ वर्षं आधी, १८५५मध्ये, कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाच्या स्कॉटिश बॅरिस्टरसमोर मोहेशचंद्र बॅनर्जी नावाचे बंगाली गृहस्थ काळी मोहरी घेऊन बसले होते. घोडा एफ६, जी६, डी५, हुबेहूब याच क्रमानं ते खेळले. डाव हरले, ती गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या खेळाडूंना प्यादी हळूहळू सरकवून उंट कडेला, लांब तिरक्या पट्टीवर बसवायची सवय होती, आणि किंग्ज इंडियन, निम्झो-इंडियन या बचावांच्या नावांत ‘इंडियन’ आलं ते अशाच खेळामुळे. कट्ट्यावर हे सांगितलं तर ज्येष्ठ म्हणाले, ‘बरं, पण आपला कारोकान बचाव काय वाईट आहे?’

तिसऱ्यांबद्दल लिहीत नाही. ते अजून भेटतात.

अशी सगळी तयारी घेऊन मी तुझ्यासमोर बसलो होतो. म्हणजे फाइल पाठ. तू डी४ खेळलीस तेव्हा मनात उकळ्या फुटल्या. उंट जी७वर बसेपर्यंत सगळं पाठांतराप्रमाणे झालं. मग तू किल्लेकोट करायचं, म्हणजे राजाला हत्तीआड न्यायचं, सोडून एच प्यादं पुढे रेटलंस आणि माझी फाइल तिथेच संपली. पुढे मी काय केलं ते तुला माहीत आहे. राजाभोवती मोहरी गोळा करून बसलो. तुझं डी प्यादं कुणीही न अडवता डी७पर्यंत चालत आलं. मी राजा आडवा केला.

इथे नेहमी काय होतं ते सांगतो. हात मिळवायचा, तोही समोरच्याकडे न बघता. गुणपत्रिकेवर सही. मग जिंकलेला बाहेर पळतो, फोनमध्ये डाव टाकतो आणि कुठल्या चालीला आकडा किती होता ते मित्रांना सांगतो. हरलेला वडापावच्या रांगेत. तू मात्र सही केलीस आणि म्हणालीस, ‘काका, तुम्ही त्या डी४ला हातच लावला नाही. बाहेर बसूया का?’ तुझे वडील डबा धरून उभे होते. त्यांना तू ‘बाबा, थांबा ना जरा’ म्हणालीस, आणि तेही कपाळाला आठी न घालता थांबले. त्यांचेही आभार. स्पर्धेला मुलं घेऊन येणारे बाप मी खूप पाहिलेत. हरलेल्या म्हाताऱ्यावर मुलीचा जेवणाचा वेळ खर्च होऊ देणारा पहिलाच पाहिला.

बाहेर मांडवात तू पट पसरलास आणि माझा उंट जी७वर आला होता तिथपर्यंतच्या चाली लावल्यास. मी माझ्या बाजूनं वाकून सांगू लागलो की इथे मला ही भीती वाटली, तिथे ती वाटली. तू ऐकून घेतलंस. मग काही न बोलता त्या गुंडाळी पटाच्या दोन कडा धरल्यास आणि एकही मोहरं न पाडता तो हळूच अर्धा फिरवलास. पांढरी मोहरी माझ्यापुढे आली. म्हणालीस, ‘आता ही प्यादी तुमची. सांभाळा.’

एवढंच. पण इतक्या वर्षांत हे कुणालाही सुचलं नव्हतं. प्रत्येकानं मला काळ्याच्या खुर्चीत बसवून काळ्याच्या चाली सांगितल्या. त्या भिंतीमागे बसणाऱ्याला काय वाटतं, हे दाखवायचं तू मनावर घेतलंस.

मी मोठ्या ऐटीत उंट सी४वर काढला. तू सी५ खेळलीस. डी४वर पहिला दाब. मी घोडा ई२वर आणला, तू घोडा सी६वर. दुसरा दाब. मी उंट ई३वर, दोघांचे किल्लेकोट, आणि तुझा उंट जी४वर, माझ्या राखणदार घोड्याच्या मानेवर. ‘इंजिनाची पहिली पसंती’ म्हणून जो मला पाठवला होता तोच हा उंट! तो का येतो ते मला त्या क्षणी कळलं, कारण माझा घोडा हलेनासा झाला होता. सी३चं प्यादं, ई३चा उंट, ई२चा घोडा आणि मागे वजीर. माझे चार जण एका प्याद्याच्या राखणीला उभे, आणि तुझा जी७चा उंट कोपऱ्यातून नुसता बघतोय. ऊस उभा राहिल्यावर रात्रभर बांधावर जागणाऱ्या शेतकऱ्यासारखी माझी गत. पीक माझं, झोप तुझी. मी एफ३ खेळून उंट हाकलला तर तुझा घोडा ए५वर येऊन माझ्या सी४च्या उंटावर बसला. तू विचारलंस, ‘आता सांगा, आपल्या डावात घाबरायचं कुणी होतं?’

आणि मग तू मला दुसरी बाजूही दाखवलीस, नाहीतर मी हुरळून परत आपटलो असतो. मी उंट डी३वर मागे घेतला, तू डी४वर मारामारी उरकून तुझा उंट ई६वर नेलास आणि मला म्हणालीस, ‘डी५ ढकला.’ ‘अगं, माझा हत्ती जाईल.’ ‘जाऊ द्या.’ तुझ्या जी७च्या उंटानं ए१चा हत्ती खाल्ला, माझ्या वजिरानं तो उंट मारला, आणि लांब तिरकी पट्टी एकदम माझी झाली. तुझ्या राजाजवळची काळ्या रंगाची घरं राखायला कुणी उरलं नाही. माझा ई३चा उंट एच६वर यायला मोकळा. हत्ती तुझ्याकडे जास्त, आणि तरी श्वास तुझा अडकलेला. म्हणजे त्या उंटाची किंमत हत्तीएवढी नसून राजाएवढी आहे. घरी येऊन शोधलं तर १९५०मध्ये मॉस्कोत सोव्हिएत ग्रँडमास्टर ब्रॉनस्टाइननं बोलेस्लाव्स्कीविरुद्ध नेमका हाच हत्ती दिला होता. फाइलमध्ये हा बळी होता की. आकडा होता शून्य पूर्णांक काहीतरी.

पुढच्या फेरीची घंटा झाली. तू डबा न खाताच आत गेलीस, ते मात्र मला लागलं.

ग्रुनफेल्डबद्दल एक गोष्ट सांगतात. १९२२मध्ये व्हिएन्नात तो याच बचावानं अलेखाइनला हरवत होता, तेव्हा अलेखाइननं हार मानली ती म्हणे आपला राजा उचलून खोलीभर भिरकावून. पुढे जगज्जेता होणारा माणूस. बुद्धिबळानं डोकं तल्लख होतं असं आपण मुलांना क्लासला घालताना सांगतो. स्वभावाबद्दल खेळ काही हमी देत नाही. तो जो-तो घरून घेऊन येतो. पासष्टीचे, किताबवाले, भाषणं ठोकणारे लोक हरल्यावर सोंगट्या आपटताना मी पाहिलेत. जिंकल्यावर समोरच्याला दोन वाक्यं समजावून सांगायला ज्यांना कमीपणा वाटतो असेही पाहिलेत, आणि त्यांची संख्या जास्त आहे. शिकवायला किताब लागतो असं त्यांना वाटतं. तुला कुठलाच किताब नाही, निदान अजून तरी. तुला दिसलं की समोरच्याला कळत नाहीये आणि तुझ्याकडे अर्धा तास आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५मध्ये बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून आमच्याकडे जो-तो आपल्या मुलीला ‘दिव्या हो’ म्हणतो. होशीलही. पण तो अर्धा तास पुढेही कुणाला देत राहिलीस तर मला त्याचा आनंद रेटिंगपेक्षा जास्त होईल.

परवाचं सांगायचं राहिलं. एका गृहस्थानं माझ्याविरुद्ध हत्ती बी१वर आणला. हे फाइलमध्ये होतं, पण मला फाइल आठवली नाही. मी फक्त विचार केला की याच्या जागी मी बसलो असतो तर मला काय नको वाटलं असतं. वजीर ए५वर नेऊन शह दिला, ए२चं प्यादं खाल्लं, आणि मग त्याची मधली प्यादी चालून आली तेव्हा पळापळ न करता एकेका प्याद्याला धरून बसलो. बरोबरी झाली. गृहस्थ वैतागून म्हणाले, ‘हे असलं काय खेळता हो?’ मी म्हटलं, थांबा, बाहेर बसूया. आले नाहीत. त्यांची बस होती.

एकच विनंती. पुन्हा जोडी लागली आणि पांढरी तुझ्याकडे आली, तर कृपा करून डी४च खेळ. ई४वर माझं अजून काहीच ठरलेलं नाही. आणि आधी जेवून घे.

तुझा,
चौथ्या फेरीतला काका