बापूला ठेवायचं की नाही

अमळनेर, रविवार रात्र

प्रिय दिल्या,

काय करी राह्यना भो? फोनवर हे बोलता येत नाही, आई कान लावून बसते, म्हणून कागद घेतला. तब्येत ठीक. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर तशीच.

जळगावकडची एक संस्था बापूसाठी बघून आलो. हो, तीच भानगड, जिच्यावरून सुरतला तुझ्या गच्चीवर आपलं वाजलं होतं. 'सख्ख्या भावाला टाकतोस का?' असं तू म्हणाला होतास, दोन पेग पोटात गेल्यावर. बापू आता 47 चा आहे, बुद्धीने लहान पोर, पण अंगाने माझ्या दीडपट. न्हाणीत घसरला तर आईच्याने उचलवत नाही आणि मी दिवसभर दुकानात. हे तुझ्या गच्चीवरून दिसत नाही.

कागदोपत्री संस्था चोख. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखालची नोंदणी फ्रेम करून लावलेली, ऑफिसात कूलर, चहा, बिस्किटं. तिथल्या सरांनी उलट मलाच शिकवलं की अशा माणसाची 18 वर्षं पूर्ण झाली की आईबापही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यासाच्या 1999 च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. घरी सांगितलं तर आई म्हणते, 'मंग मी कोन त्याची?'

चहा अर्धा ठेवला, 'बाथरूम कुठंय?' विचारलं आणि आत फिरलो. फिनेलचा वास असा की डोळे चुरचुरले. पाहुणा येणार म्हणून ओतलेलं, दुसरं काय! एका पोराच्या, पोरगा कसला, चाळिशीचा बाप्या, पायाची नखं वाकून मांसात शिरलेली. हाताची मात्र छान कापलेली. हाताची दिसतात ना! ब्रश ओळीने टांगलेले, सगळे कडक कोरडे. भर चार वाजता निम्मे जण आडवे. पारा 44 च्या पुढे, झोपतीलच, अशी मनाची समजूत घातली. पण गुंगीची गोळी देऊन निजवलेला आणि जेवून पडलेला, दारातून दोघे सारखेच दिसतात रे.

मग औषधांची वही मागितली. बापूच्या फिटच्या गोळ्या तुला माहीत आहेत, व्हॅल्प्रोएट, सकाळ-रात्र. ती चुकली की काय होतं ते पारोळ्याच्या लग्नात आपण बघितलंय. म्हणजे मी बघितलं, तू नवरदेवाचे बूट राखत होतास. तर वहीत त्या दिवशीच्या रात्री नऊच्या रकान्यात टिक होती, खाली सही. घड्याळात साडेचार! मी त्यावर बोट ठेवलं. सर म्हणाले, 'सिस्टर लवकर जातात, डबी भरून ठेवतात, रात्रीचे मामा देतात.' देत असतीलही. पण मामा एक आणि माणसं बावीस. एकाला फिट आली तर बाकीच्यांकडे कोण बघतं, विचारलं. 'तसं कधी झालं नाही.' वहीच अशी लिहीत असतील तर झालेलं तरी कुठं सापडणार?

तरी तिथून सरळ उठून आलो नाही, त्याला कारण एक मावशी. खाली मांडी घालून एकाला चहात बुडवलेला टोस्ट भरवत होती. घास गळ्याखाली उतरला का ते बघायची, मगच पुढचा. मध्येच कोपऱ्यातल्याला म्हणाली, 'तुझा लाल मग धुवायला गेलाय, येतो आता.' असं कोणाला कोणता मग लागतो हे फ्रेममध्ये लागत नाही. तिची ड्युटी कधी सुटते, पगार वेळेवर होतो का, तिच्या आधीची का सोडून गेली, हे मात्र कोणी सांगेना.

बापूला विचारलं, 'इथं राहशील?' 'हाव.' 'घरी जायचं?' 'हाव.' 'दिल्याने तुला मारलं होतं?' 'हाव.' (शेवटचं खरं आहे. गोट्यांवरून. नाकबूल करू नको.) उद्या तिथं कोणी हात उगारला तरी 'हाव', नाही उगारला तरी 'हाव'. त्याचं वजन, अंगावरचे वळ, अंगात शर्ट त्याचाच आहे का, यावरूनच मला ओळखावं लागणार, आणि तेही भेटीच्या दिवशी, आंघोळ घालून समोर बसवलेल्या बापूवरून.

तुझं मार्केट कसं आहे? पोरीचा निकाल कळव. वहिनींना बिबडे पाठवतोय, तू एकटा संपवू नको.

अखाजीला येतोयस ना, तर एक काम कर. अमळनेरला उतरू नको, तसाच जळगावला जा. मला आता तिथं ओळखतात, तुला नाही. संध्याकाळी सातनंतर, जेवणाच्या वेळी, न कळवता. देणगी द्यायचीय म्हण, गेट उघडेल. भरवायला कोण आहे ते बघ, नऊपर्यंत रेंगाळ, मामा गोळ्या खरंच देतो का ते बघ. आणि पायाची नखं. पत्ता चिठ्ठीवर वेगळा लिहिलाय.

देणगी मात्र खरोखर दे, पाचशे तरी. पैसे मी देईन.

तुझा,
सुन्या