विमानात माणूस असो-नसो, कारखान्यात तरी राहू द्या: संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार,
नवी दिल्ली

विषय: मालवाहू ड्रोनची निविदा मागे घेतल्याबाबत, आणि त्या निमित्ताने साचलेल्या इतर गोष्टींबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

आपल्यामागे तिन्ही दलांचा व्याप आहे. त्यात औद्योगिक वसाहतीतल्या एका बारक्या कारखानदाराने आपला वेळ घेणं बरं नव्हे, हे मला कळतं. तरी लिहितोय, कारण गेल्या आठवड्यात एक मेल आला. लष्करासाठीच्या मालवाहू ड्रोनची जी निविदा आम्ही भरली होती, ती प्रशासकीय कारणास्तव मागे घेण्यात आली आहे, एवढंच त्यात होतं. खाली कोणाचं नाव नाही, फोन नंबर नाही. उत्तर पाठवलं तर ते जसंच्या तसं परत येतं, कारण तो पत्ता उत्तरं घेतच नाही. म्हणून हे उत्तर आपल्या पत्त्यावर.

आम्ही ड्रोनच्या मोटारी आणि सांगाडे बनवतो. पूर्वी ट्रॅक्टरचे सुटे भाग करायचो आणि बरं चाललं होतं. मग हाक सरकारकडूनच आली. ऑगस्ट २०२१ मध्ये नवे ड्रोन नियम आले, पाठोपाठ प्रोत्साहन योजना आली, फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी ड्रोन आयात करायला बंदी झाली. देशातच बनवा, आम्ही घेतो, असं प्रत्येक व्यासपीठावरून ऐकलं. ऐकणाऱ्यांत काही मूर्ख असे निघाले की त्यांनी ते खरं मानलं, जुने लेथ विकले, व्हीएमसी (धातू कापणारं संगणकी यंत्र) बँकेकडे गहाण ठेवलं आणि कामाला लागले. त्यांपैकी एक हे पत्र लिहितो आहे.

'नो कॉस्ट नो कमिटमेंट' चाचणी कशी असते हे आपल्याला सांगितलं गेलं असेलच. नसेल तर मी सांगतो. यंत्र कंपनीचं, माणसं कंपनीची, ने-आण कंपनीची, पडलं तर नुकसानही कंपनीचं, आणि सगळ्यात पास झालं तरी खरेदी होईलच असं नाही. आम्ही ते मान्य करून वर डोंगरात गेलो. १५ हजार फुटांवर हवा खालच्या जेमतेम दोन-तृतीयांश उरते. तेवढंच वजन उचलायला पंखा जास्त वेगाने फिरवावा लागतो, मोटार जास्त करंट ओढते, तापते, आणि हवाच विरळ म्हणून लवकर गारही होत नाही. थंडीत बॅटरी अर्ध्यातच मान टाकते. रात्री बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी घेऊन झोपायचं, सकाळी उड्डाणाच्या तोंडावर बाहेर काढायच्या, असं चाललं होतं. आमच्या एका पोराला उंचीवरची विरळ हवा बाधली, डोकं धरून बसला. लष्कराच्या डॉक्टरांनीच त्याला खाली पाठवलं. जवानांबद्दल माझी तक्रार नाही, ते लिहून ठेवतो. त्यांनी बूट दिले, चहा दिला, आणि त्यांना ते यंत्र मनापासून हवं होतं. वरच्या चौकीवर रॉकेल आणि पीठ माणसाच्या नाहीतर खेचराच्या पाठीवरून जातं, हे त्यांना दिल्लीतून कळलेलं नाही.

त्याच चाचणीला दुसऱ्या एका कंपनीचं यंत्र होतं. वरून 'मेक इन इंडिया'च्या सिंहाचं स्टिकर, झकास रंग. त्यांच्या माणसाने दुरुस्तीसाठी झाकण उघडलं तेव्हा आम्ही शेजारीच उभे होतो. आतल्या फ्लाइट कंट्रोलरच्या, म्हणजे ड्रोनच्या मेंदूच्या, प्रत्येक चिपवरची अक्षरं पॉलिश पेपरने घासून काढलेली. मोटारींच्या बुडाशी कोरलेला नंबरही घासलेला. त्या माणसाने आमच्याकडे बघितलं, हसला आणि झाकण लावलं. ही आत्मनिर्भरता, मंत्रिमहोदय. तिला ८० नंबरचा पॉलिश पेपर पुरतो.

आमचं यंत्र ठरलेलं वजन घेऊन गेलं आणि परत आलं. अहवाल चांगला आहे, आता फक्त कागद हलायचे आहेत, असं एक साहेब स्वतः म्हणाले. कागद हलले खरे, पण उलट्या दिशेने. आता नवी निविदा निघणार असं कानावर आलंय आणि तिच्यात उलाढालीची जी अट घालणार म्हणतात, ती आमच्या गल्लीतले सगळे कारखाने एकत्र केले तरी पुरी होणार नाही. शिवाय अशाच पुरवठ्याचा पूर्वानुभव हवा. तो मी कुठून आणू? तुम्ही ऑर्डर दिल्याशिवाय अनुभव नाही, आणि अनुभवाशिवाय तुम्ही ऑर्डर देणार नाही.

दरम्यान तिकडे वातानुकूलित सभागृहांत मोठा वाद चालू आहे: यापुढे लढाऊ विमानात वैमानिक हवा की नको? परवा टीव्हीवर निवृत्त अधिकारी त्यावर एकमेकांवर ओरडत होते. एकाचं म्हणणं, २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तसाच वैमानिकालाही लवकरच द्यावा लागेल. दुसऱ्याचं म्हणणं, लढाऊ विमानांच्या तुकड्या, म्हणजे स्क्वाड्रन, ४२ हव्यात आणि उरल्यात २९, आधी विमानं आणा, मग खेळणी. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. २१ मे १९९९ ला कारगिलवर फोटो काढायला गेलेल्या हवाई दलाच्या कॅनबेरा विमानाला शत्रूचं क्षेपणास्त्र लागलं. एक इंजिन निकामी झालं असताना वैमानिकांनी ते परत आणलं, ही त्यांची शर्थ. पण फोटो काढायला जिवंत माणसं पाठवावी लागली, हे कोणाचं अपयश? आणि उलट बाजूही आहे. बिनमाणसाचं विमान उडतं ते रेडिओच्या आणि उपग्रहाच्या धाग्यावर. धागा जॅम केला, जीपीएसला खोटी जागा दाखवली, की ते आंधळं होतं. वैमानिकाला जॅम करता येत नाही. म्हणजे दोन्ही लागणार, हे कॉलेजचं पोरही सांगेल, त्याला परिसंवाद लागत नाही.

खरा प्रश्न त्या सभागृहात कोणी विचारत नाही. विमानात माणूस बसो वा न बसो, आतला चुंबक कुणाचा? चिप कुणाची? बॅटरीचा सेल कुणाचा?

चुंबकाचंच घ्या. आमच्या मोठ्या मोटारीत ४२ चुंबकं बसतात, नखाएवढी. साधा निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या वर गेला की त्याची ओढ कमी होऊ लागते. उष्णता सोसणारा हवा तर त्यात डिस्प्रोसियम हे दुर्मीळ मूलद्रव्य लागतं, आणि ते जवळपास सगळं चीनच्या मुठीत. ४ एप्रिल २०२५ ला चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याचं कुलूप लावलं. पुढे ऑपरेशन सिंदूर झालं, ८-९ मेच्या एका रात्रीत पाकिस्तानने ३६ ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन सोडल्याचं आपल्याच सरकारने सांगितलं, देशभर ड्रोन-ड्रोन झालं, आणि आमच्या टेबलावर वाइंडिंग (तांब्याची तार गुंडाळणं) पूर्ण झालेल्या मोटारी चुंबकांशिवाय पडून होत्या. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत ही दुर्मीळ खनिजं आहेत, हे आम्ही शाळेच्या भूगोलात वाचलं होतं. वाळू तिथेच आहे. चुंबक कुठाय?

आता ती आयातबंदी. बंदी आहे ती तयार ड्रोनवर. सुट्या भागांना ती लागूच नाही. म्हणजे अख्खं यंत्र आणलं तर गुन्हा, आणि तेच भाग वेगवेगळ्या खोक्यांतून आणून इथे स्क्रू पिळले तर देशी उद्योग. त्यात जो सगळ्यांत स्वस्त खोकं आणतो तो एलवन, आणि एलवनलाच ऑर्डर. इथे चार मुली बसवून तांब्याची तार हाताने गुंडाळणारा माणूस त्या किमतीत बसणार कसा? फेब्रुवारी २०२५ मध्ये बातमी आली की चिनी भाग निघाल्यामुळे लष्कराच्या ४०० ड्रोनचे करार रद्द केले, २३० कोटींच्या वरचे. मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. वाटलं, आता तरी भाग कुठून आला ते बघतील. बघितलं काय, तर उलाढाल!

आकडे काढलेच आहेत तर अजून काढतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेशी ३१ एमक्यू-९बी या बिनमाणसाच्या विमानांचा करार झाला, छापून आलेली किंमत ३२ हजार कोटी. भागाकार मी केला, एकाला हजार कोटींच्या वर पडले. (त्यात क्षेपणास्त्रं आणि जमिनीवरची केंद्रंही येतात, हे माहीत आहे, कोणी पत्र लिहून कळवू नये.) आणि देशभरच्या ड्रोन कारखान्यांना प्रोत्साहन म्हणून तीन वर्षांना मिळून १२० कोटी. म्हणजे अशा एका विमानाचा साधारण नववा हिस्सा. याच घराण्यातली अमेरिकेची विमानं येमेनवर हुथी बंडखोर एकामागून एक पाडत आले. आपल्या नौदलाने भाड्याने घेतलेल्या दोनांपैकी एक सप्टेंबर २०२४ मध्ये बंगालच्या उपसागरात गेलं, आणि करार पुढच्याच महिन्यात झाला. आमचं यंत्र चाचणीत दगडावर जरा आपटलं असतं तर आमची फाइल तिथेच बंद झाली असती.

आणि तापस, आपलं देशी बिनमाणसाचं विमान? २०११ मध्ये मंजूर झालेला प्रकल्प, खर्च १,७८६ कोटींवर गेला. ३० हजार फूट आणि २४ तास हवे होते, गाठले २८ हजार फूट आणि १८ तास. जानेवारी २०२४ मध्ये बातमी आली की मूळ स्वरूपात तो गुंडाळला. उरलेले दोन हजार फूट चढायला आपण ३२ हजार कोटींची शिडी मागवली. तज्ज्ञ म्हणतील, तुलना चुकीची आहे, एमक्यू-९बी ४० हजार फुटांवर जातं. असेल चुकीची. पण तापसची इंजिनंही परदेशीच होती ना? त्याआधी निशांत, तेही देशी ड्रोन. लष्कराने चार घेतली, २०१५ संपायच्या आत चारही पडली. पडू देत, पडल्याशिवाय विमान शिकत नाही. पण चौथं पडलं तेव्हा पाचवं बनवायला माणसं तिथे राहिली पाहिजेत. आपण प्रकल्प बंद करतो आणि माणसं उधळून टाकतो. मग दहा वर्षांनी नवं नाव, नवा लोगो, नवं उद्घाटन.

वैमानिकाच्या विमानाचीही तीच कथा. ८३ तेजसचा करार फेब्रुवारी २०२१ चा, त्यांच्यासाठीचं पहिलं अमेरिकी इंजिन यायला मार्च २०२५ उजाडला. एकही प्रकल्प वेळेत पुरा झालेला आठवत नाही, हे मे २०२५ मध्ये खुद्द हवाई दलप्रमुख जाहीरपणे बोलले. आयात तंत्रज्ञानावर विसंबून राहिलो तर आपली तयारी दुबळी होते, हे जुलैमध्ये संरक्षण दल प्रमुख बोलले. मग चुकतंय कोण? सगळे बोलतात, टाळ्या पडतात, फोटो निघतात. निर्णय ज्याच्या टेबलावर अडतो तो माणूस कधीच बोलत नाही, दिसत नाही आणि दर तीन वर्षांनी बदलून जातो.

आमचं काय झालं तेही ऐका. सीसी लिमिट, म्हणजे बँकेने खेळत्या भांडवलासाठी दिलेली कर्जाची मर्यादा, संपलं. बँकेच्या मॅनेजरने निविदा रद्द झाल्याचा मेल वाचला आणि चष्मा काढून विचारलं, ट्रॅक्टरचं काम सोडलंत कशाला? ज्या मोठ्या कंपनीचं जॉबवर्क करून तग धरला, तिने बिलं अडवली आहेत. ४५ दिवसांत पैसे द्यावेत, नाहीतर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, असं २००६ चा कायदा सांगतो. कायद्याने मागून बघा, पुढचं काम मिळतं का ते. वाइंडिंगला माझ्याकडे सगळ्यांत चांगला हात असलेली मुलगी दिवाळीनंतर इलेक्ट्रिक स्कूटरच्या कारखान्यात गेली. तार गुंडाळताना ती बोटानेच ताण ओळखायची, एक वेटोळं ढिलं गेलं तर आख्खी खाच उलगडायची. तिच्या जागी दुसरी तयार व्हायला वर्ष लागेल, आणि वर्षभराचा पगार कुठून देऊ? आमच्या हिने विचारायचंच सोडलंय. मुलगा इंजिनिअर झाला, त्याने मात्र स्पष्ट सांगितलं की तो या धंद्यात येणार नाही. तो जर्मनीला जाणार आहे. तिथल्या कुठल्याशा कंपनीत तो जे बनवेल ते उद्या तुम्ही विकत घ्याल, माझ्यापेक्षा दसपट किमतीला, आणि करारावर सही करताना हसून फोटो काढाल.

मागण्या फार नाहीत. चाचणी पास झालेल्या यंत्राची निविदा रद्द केली तर कारण लेखी द्या आणि चाचणीचा खर्च भरून द्या. ज्या यंत्राच्या चिपवरची अक्षरं घासलेली आहेत ते तिथेच बाद करा, त्याला प्रयोगशाळा लागत नाही, झाकण उघडायला एक स्क्रूड्रायव्हर पुरे. उलाढालीची अट बारक्यांना लावू नका. छोट्या ऑर्डरी द्या, वीस-पंचवीस यंत्रांच्या, आणि पैसे वेळेवर द्या.

शेवटचं. आमचं चाचणीचं यंत्र अजून वरच्या गोदामातच आहे. बाहेर काढायला गेट पास लागतो, ज्यांच्या सहीने तो निघायचा ते साहेब बदलून गेले, आणि नव्या साहेबांच्या मते अशी कुठली चाचणी झाल्याची त्यांच्याकडे नोंद नाही. यंत्र परत पाठवायची व्यवस्था करावी. ट्रकचं भाडं नेहमीप्रमाणे आम्हीच देऊ. घ्यायचंच नसेल तर निदान त्यातल्या सहा मोटारी सोडवून द्या, त्यांच्यातली चुंबकं मला हवी आहेत.

आपला,
एक लघुउद्योजक
(अजून तरी)