‘वी टीचर्स’ खोडू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नामाऐवजी येतो तो शब्द सर्वनाम, ही व्याख्या इंग्रजीच्या तासाला पाठ करून घेतली जाते. त्यातून मुलांचा असा ग्रह होतो की सर्वनाम आलं की नामाने वर्गाबाहेर थांबायचं. मग ‘वी टीचर्स’, ‘यू बॉइज’, ‘अस विमेन’ हे रोजच्या इंग्रजीतले धडधाकट प्रयोग त्यांना खटकतात; कधी वहीत लाल शाईने खोडलेही जातात. प्रयोग मात्र शुद्ध आहे. शिवाय मराठी मुलाला तो शाळेत जाण्याआधीपासून येतो : आम्ही शिक्षक, तुम्ही मुलं, आपण पुणेकर. शिकवायचं आहे ते एवढंच, की दोन्ही भाषांच्या वाटा नेमक्या कुठे वेगळ्या होतात.

पहिला फाटा ‘ते’पाशी फुटतो. मराठीत ‘ते आले’ हेही चालतं आणि ‘ते विद्यार्थी आले’ हेही. दुसऱ्या वाक्यातल्या ‘ते’ला आपलं शालेय व्याकरण सार्वनामिक विशेषण म्हणतं. इंग्रजीत ही दोन कामं दोन शब्दांकडे आहेत. एकटं यायचं तर ‘दे’, नामाला चिकटून यायचं तर ‘दोज’. म्हणून ‘दे स्टुडंट्स’ चूक, ‘दोज स्टुडंट्स’ बरोबर. ‘तो मुलगा’चं ‘ही बॉय’ होतं तेही याच कारणाने. तिथे ‘दॅट बॉय’ हवं. इंग्लंड-अमेरिकेतल्या काही बोलींत ‘देम बॉइज’ ऐकू येतं, पण ते उत्तरपत्रिकेत लिहू नये. थोडक्यात, प्रमाण इंग्रजीत नामाला असं जोडून घेणारी सर्वनामं तीनच : ‘वी’, ‘अस’ आणि ‘यू’. एकवचनी ‘यू’ हे काम बहुधा हाक मारताना किंवा शिवी देतानाच करतं (‘यू फूल!’), आणि ‘आय’ तर करतच नाही. मुलाखतीला ‘मायसेल्फ सुनील’ म्हणणाऱ्यांची इथेच गफलत होते. मराठीत ‘मी सुनील’ एवढ्यावर भागतं, इंग्रजीला मध्ये क्रियापद लागतं : ‘आय अ‍ॅम सुनील’.

‘वी’ की ‘अस’, हा प्रश्न स्पर्धा परीक्षांच्या चुका शोधा या प्रकारात विचारण्याजोगा आहे, आणि त्यासाठी सदाशिव पेठेतल्या कोणत्याही मुलाला जाडजूड पुस्तक नको. नामावर बोट ठेवायचं आणि उरलेलं वाक्य वाचायचं. ‘द न्यू टाइमटेबल डझंट सूट वी टीचर्स’ : ‘टीचर्स’ झाकलं की ‘सूट वी’ उरतं, आणि कान लगेच तक्रार करतो. तिथे ‘अस टीचर्स’ हवं. उलट ‘अस टीचर्स वॉन्ट अ न्यू टाइमटेबल’ हे बोलण्यात खपतं, अर्जात नाही. गंमत अशी की पहिली चूक बहुतेकदा व्याकरणाला घाबरणारे करतात. ‘अस’ अशिष्ट आहे असं मनात बसलेलं असतं, म्हणून जिथे तोच हवा तिथेही ‘वी’ बसवतात.

सर्वांत जास्त गोंधळ षष्ठीत होतो. ‘आम्हां शिक्षकांचे पगार’ आणि ‘आमच्या शिक्षकांचे पगार’ यांत पगार कोणाचा, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पहिल्यात बोलणाराच शिक्षक, दुसऱ्यात बोलणारा विद्यार्थी, पालक किंवा संस्थाचालक. इंग्रजीत मात्र दोन्हींसाठी ‘अवर टीचर्स सॅलरीज’ लिहून मोकळे होतात आणि मागणी भलत्याच्या नावावर जमा होते. पहिला अर्थ हवा असेल तर ‘द सॅलरीज ऑफ अस टीचर्स’ अशी रचना करावी. अवजड वाटते, पण अर्थ चुकत नाही.

‘आम्ही सगळे शिक्षक’ याचं शब्दशः ‘वी ऑल टीचर्स’ करू नये. ‘ऑल ऑफ अस टीचर्स’ किंवा नुसतं ‘ऑल ऑफ अस’ म्हणावं. ‘वी बोथ फ्रेंड्स’चंही तेच : ‘बोथ ऑफ अस’ पुरतं. आकडा असेल तर मात्र अडत नाही. ‘आम्ही दोघे भाऊ’ म्हणजे ‘वी टू ब्रदर्स’.

आता सोसायट्यांचे अर्ज. ‘वी, द मेंबर्स ऑफ द सोसायटी, रिक्वेस्ट’ हा प्रयोग ‘वी मेंबर्स’पेक्षा वेगळा. 1966 साली पॉल पोस्टल या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने मांडलं की ‘वी’, ‘यू’ हे मुळात ‘द’च्या जातीचे शब्द, ‘द टीचर्स’मध्ये ‘द’ ज्या जागी बसतो तीच जागा ‘वी टीचर्स’मध्ये ‘वी’ घेतो. हे मानलं तर एका जागेवर दोघे बसणार नाहीत. ‘द’ आणायचाच तर तो समूह स्वल्पविरामांच्या कंसात, खुलासा म्हणून येतो. आपल्या संविधानाच्या इंग्रजी उद्देशिकेत ‘वी’नंतर आणि ‘इंडिया’नंतर असे दोन्ही स्वल्पविराम आहेत, मराठीतही ‘आम्ही, भारताचे लोक,’ असंच आहे. 1787च्या अमेरिकी संविधानात ‘वी द पीपल’ स्वल्पविरामाशिवाय आहे, पण म्हणून आपण अर्जात ते अनुकरण करण्याचं कारण नाही. अर्जांत पहिला स्वल्पविराम असतो आणि दुसरा हमखास गळतो. शिवाय क्रियापदाचं रूप सर्वनामाप्रमाणे ठरतं, मधल्या नामाप्रमाणे नाही : ‘आय, द सेक्रेटरी, रिक्वेस्ट’, ‘रिक्वेस्ट्स’ नव्हे. उद्देशिकेत मराठीत शेवटी ‘आहोत’ आणि इंग्रजीत ‘अवरसेल्व्ज’ येतं, ते ‘आम्ही’ला आणि ‘वी’ला धरून.

इंग्रजीतून मराठीत येताना वेगळी अडचण होते. इंग्रजी ‘वी’ला आम्ही आणि आपण यांतला फरक कळत नाही. ‘वी सिटिझन्स मस्ट सेव्ह वॉटर’चं ‘आम्ही नागरिकांनी पाणी वाचवलं पाहिजे’ असं भाषांतर फलकावर लावलं, तर वाचणारा पुणेकर ‘वाचवा की मग!’ म्हणून पुढे जाईल. तिथे ‘आपण नागरिकांनी’ हवं.

हिंजवडीत परदेशी ग्राहकांशी बोलणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘तुम्ही लोक’ मराठीत कधी साधं, कधी जरा चिडकं. ‘तुम्ही मंडळी’ तर अदबीचं. ‘यू पीपल’ मात्र इंग्रजीत बहुधा हिणवल्यासारखं लागतं, अमेरिकेत तर वंशभेदाचा वास येतो. नुसतं ‘यू’ किंवा ‘यू ऑल’ म्हणावं, ओळखीत ‘यू गाइज’. (हा ‘गाय’ 1605च्या दारूगोळ्याच्या कटातल्या गाय फॉक्सच्या नावावरून आला. आधी तो शब्द फॉक्सच्या जाळायच्या पुतळ्यासाठी होता, आता बायकाही एकमेकींना म्हणतात.) इंग्रजीतलं एकवचनी ‘दाउ’ प्रमाण बोलण्यातून गेलं आणि ‘यू’वर दोन्ही वचनांचा भार पडला, म्हणून अनेकवचन दाखवायला अशी नामं जोडावी लागतात. आपल्याकडे तू आणि तुम्ही शाबूत आहेत.

पाठ्यपुस्तक मंडळ सेनापती बापट रस्त्यावरच आहे, म्हणून इथूनच सुचवतो : पाचवी ते आठवीच्या इंग्रजी स्वाध्यायात ‘आम्ही शिक्षक’, ‘आमचे शिक्षक’ आणि ‘ते शिक्षक’ हे तीन शब्दसमूह भाषांतराला शेजारी शेजारी द्यावेत. त्यांना अर्धा तास पुरतो.

आपला,
इंग्रजीचा एक शिक्षक,
नारायण पेठ, पुणे