थंडीत थरथरणारी गाडी थंड असतानाच तपासा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर लागला की तुमच्या पेपरात निफाडचं तापमान छापून येतं, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती खाली गेला, बागेत शेकोट्या पेटवल्या, द्राक्षाच्या मण्यांना तडे जायची भीती. ते यायलाच पाहिजे, आमचं पोटच त्यावर आहे. पण ह्याच थंडीत आमच्याकडे घरोघरी अजून एक गोष्ट होते आणि त्यात लोकांचे हजारो रुपये विनाकारण जातात, त्यावर कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

सकाळी पेट्रोल गाडीला सेल मारला की ती चालू होते पण एकसारखी चालत नाही, मिस मारते, स्टेअरिंग हाताला थरथरतं, आरपीएमचा काटा खाली-वर नाचतो, कधी बंदच पडते. तीन-चार मिनिटं गेली की जसं काही झालंच नव्हतं अशी शांत. माझी २०१५ची गाडी दोन हिवाळे हेच करत होती. पहिल्या वर्षी मी लक्षच दिलं नाही. दुसऱ्या वर्षी आईला नाशिकला डॉक्टरकडे न्यायचं म्हणून पहाटे निघालो आणि हायवेला लागताना गाडी बंद पडली, मागून कंटेनर येत होता, त्याने वेळेत बाजूने काढली म्हणून वाचलो. आई मागच्या सीटवर होती. त्या दिवशी ठरवलं की आता ह्याचा छडा लावायचा.

आता खरी अडचण कुठे आहे ते सांगतो. आपण गाडी गॅरेजला नेतो कधी, तर सकाळची कामं उरकून अकरा वाजता, तेही दहा-बारा किलोमीटर चालवत. तोवर इंजिन पूर्ण गरम. मेकॅनिक बॉनेट उघडतो, कान देतो, दोनदा रेस करतो आणि म्हणतो, साहेब गाडी एकदम ओके आहे. त्याचं तरी काय चुकलं, त्याच्यासमोर ती ओकेच असते. मग आपण हट्ट धरला की तो अंदाजाने पार्ट बदलायला लागतो. माझे आधी चारही प्लग बदलले, मग एक कॉईल, मग थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर क्लिनिंग, मिळून साडेनऊ हजार गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा तश्शीच.

मधल्या काळात जो भेटेल तो म्हणायचा, अरे हे इथेनॉलमुळे, पेट्रोलच तसं आहे. मलाही पटलं होतं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते त्यामुळे थंडीत त्याने स्टार्टिंगला थोडा फरक पडू शकतो हे खरं आहे. पण एकाच पंपावर भरणाऱ्या आमच्या गल्लीतल्या बाकीच्या गाड्या व्यवस्थित आणि माझीच थरथरते म्हटल्यावर दोष माझ्या गाडीत शोधायला हवा ना. सगळं इथेनॉलवर ढकललं की तपास तिथेच थांबतो.

शेवटी पिंपळगावच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीला हातच लावला नाही. म्हणाले, "आज इथे ठेवा, चावी द्या, उद्या साडेसहाला या, तुमच्यासमोर पहिला सेल मारू." सकाळी गेलो तर अंगणात दव पडलेलं, बॉनेट बर्फासारखं. त्यांनी स्टेअरिंगखाली स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावला आणि गाडी चालू करायच्या आधी नुसती चावी ऑन करून दोन आकडे दाखवले, कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान ९ अंश आणि आत येणाऱ्या हवेचं तापमानही ९. म्हणाले रात्रभर उभ्या गाडीत हे दोन्ही जवळपास सारखे असायला हवेत, कूलंटचा सेन्सर खोटं बोलत असता तर इथे ३०-४० दिसलं असतं आणि कॉम्प्युटरने इंजिन गरम समजून पेट्रोल कमी दिलं असतं. म्हणजे एका मिनिटात, एक रुपया न घालवता, एक संशयित बाद. ही टेस्ट गरम गाडीवर होऊच शकत नाही!

मग सेल मारला. गाडी थरथरली. ते शांतपणे आकडे बघत होते आणि मला समजावत होते, की इंजिन गार असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही म्हणून कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, आणि सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर (धुरावरून पेट्रोल कमी-जास्त झालं का ते सांगणारा) तापल्याशिवाय काम करत नाही म्हणून सुरुवातीला हे सगळं पाठ केलेल्या हिशेबावर चालतं, चूक झाली तरी सुधारणारं कुणी नसतं. पूर्वी फियाटला किंवा जुन्या ८०० ला आपण हाताने चोक ओढायचो, तेच काम आता कॉम्प्युटर करतो. सेन्सर तापला की तो चूक पकडतो, पेट्रोल वाढवतो, गाडी शांत होते आणि आपल्याला वाटतं गाडी बरी झाली. आजार तिथेच असतो, झाकला जातो.

हेच त्यांनी आकड्यात दाखवलं. गाडी तापल्यावर आयडलला (रेस न देता नुसती चालू असताना) फ्युएल ट्रिम अधिक १८, म्हणजे कॉम्प्युटर हिशेबापेक्षा १८ टक्के जास्त पेट्रोल घालतोय. रेस देऊन २५०० आरपीएमवर धरलं तर तोच आकडा ४ वर आला. म्हणजे कुठूनतरी चोरून हवा शिरतेय, आयडलला एकूण हवा थोडी असते म्हणून तेवढ्या गळतीने फरक पडतो, रेसवर ती दबून जाते. माझ्या गाडीत एअर फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा सेन्सर आहे, त्याच्यानंतर शिरलेली हवा मोजलीच जात नाही आणि तिच्यापुरतं पेट्रोल कमी पडतं. (सगळ्या गाड्यांत तो नसतो, काहींत नुसता प्रेशरवर हिशेब असतो, तिथे हाच आकडा असा दिसेलच असं नाही.)

मग त्यांनी इंजिनच्या मागे हात घालून ब्रीदरचा (इंजिनातली वाफ परत आत ओढून घेणारा) रबरी पाईप काढला. वरून एकदम धडधाकट. खालच्या बाजूने अंगठ्याने वाकवला तर नखाएवढी चीर तोंडासारखी उघडली. थंडीत रबर कडक होऊन ती उघडी राहायची, गरम झालं की मऊ पडून थोडीफार मिटायची, पूर्ण नाही. नवीन पाईप ३४० रुपये. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा १२०० वर स्थिर, मग हळूहळू ८०० वर. एक थरथर नाही.

प्रत्येक गाडीत पाईपच फुटलेला असेल असं नाही हो. चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल मारल्यावर गाडी छान चालू होत असेल तर रात्रीत पेट्रोलचं प्रेशर उतरतंय असा संशय घ्यावा. कूलंटची पातळी सारखी कमी होत असेल आणि सकाळी पांढरा धूर बराच वेळ निघत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका, हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं पॅकिंग) गेलेलं असू शकतं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर ती गाडी तशी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकतं आणि तो पार्ट फार महाग आहे. आणि हात जोडून सांगतो, शटर लावलेल्या पार्किंगमध्ये गाडी तापवत ठेवू नका. थंड इंजिनातून कार्बन मोनॉक्साईड जास्त निघतो, त्याला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो.

माझी गॅरेजवाल्यांना आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांना तुमच्या पेपरातून एवढीच विनंती आहे की सकाळच्या मिसिंगची तक्रार आली तर जॉब कार्डवर "गाडी रात्री ठेवणे" असं लिहा, त्याचे वेगळे दोन-तीनशे घ्या, आम्ही आनंदाने देऊ. पार्ट बदलायच्या आधी थंड इंजिनवरचे आकडे गिऱ्हाईकाला दाखवा, बिलावर लिहा, जुना पार्ट परत द्या. स्कॅनर आता बहुतेक गॅरेजमध्ये आहे, तो फक्त दिवा घालवायला वापरला जातो ह्याचं वाईट वाटतं.

वाचकांनी एक करावं, सकाळचा पहिला सेल मारताना मोबाईलवर डॅशबोर्डचा व्हिडिओ काढून ठेवा, आवाजासकट, दोन मिनिटांचा. मी आधी तो काढला असता तर कदाचित ते साडेनऊ हजार वाचले असते.

आपला,
एक द्राक्षबागायतदार वाचक
ता. निफाड, जि. नाशिक