तोंड मिटून हस

दांडिया बाजार, बडोदे
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

प्रिय सुलू,

श्रावणापासून तुला पत्र नाही की फोन नाही. रागावली असशील, आणि तो राग खरा आहे. माझी तब्येत बरी, बीपीची गोळी चालू, यांचा गुडघा होता तसाच.

काल रात्री जे झालं ते तुलाच कळेल. दहावीच्या ग्रुप फोटोच्या दिवशी माझ्या शेजारी तूच उभी होतीस.

विसर्जनाचे ढोल थांबले आणि न्हाणीघरातून मुक्ताचं रडणं ऐकू आलं. दार ढकललं तर ती आरशासमोर, वरचा ओठ बोटांनी ओढून धरलेला, आणि हिरड्यांची कड पांढरीफटक. भाजल्यासारखी! बेसिनवर दात पांढरे करायचा, ऑनलाइन मागवलेला डबा. त्यात जेलच्या सिरिंजा, तोंडात धरायचा निळा दिवा, आणि गरम पाण्यात मऊ करून आपणच दातांवर दाबून बसवायचा ट्रे. अर्धा तास ठेवा असं लिहिलेलं, हिनं दोन तास ठेवला. नवरात्रात नऊ रात्री फोटो निघणार, चणियाचोळी शिवून आली, फक्त दात पिवळे राहिले, असं रडत रडत सांगत होती. सुलू, तू पाहिलेस ना गं तिचे दात? कुंदाच्या कळ्या आहेत.

आज सकाळीच तिला डॉक्टरबाईंकडे नेलं. हिरड्या चार-पाच दिवसांत भरून येतील म्हणाल्या. जेल ३५ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं, दात उजळवणाऱ्या रसायनाचं, होतं, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड धरलं तर जवळजवळ १२ टक्के. युरोपात २०१२ पासून ६ टक्क्यांच्या वरचं विकताच येत नाही, आणि त्याखालचंही, ०.१ टक्क्याच्या वर असलं की, दातांच्या डॉक्टरच्या हातूनच मिळतं, १८ वर्षांच्या आतल्या मुलांना तर नाहीच. इथे माझ्या सतरा वर्षांच्या पोरीच्या हातात कुरियरवाला डबा ठेवून गेला. असा तयार ट्रे दातांना नीट बसत नाही, जेल कडेनं ओघळून हिरडीवर जातं. दात शिवशिवतायत ते वेगळंच, साध्या पाण्याचा घोटही घेववत नाही तिला. पेरॉक्साइड दाताच्या वरच्या कवचातून आत झिरपतं, म्हणून तर आतला रंग जातो, आणि म्हणूनच दाताच्या नसेपर्यंत कळ जाते. त्या शिवशिवीवर पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दिलीय.

त्याआधी महिनाभर लिंबू-सोडा आणि कोळशाची पूड चालली होती, हे तिथे कळलं. लिंबानं कवच विरघळतं, कोळशानं घासलं जातं, आणि ते परत येत नाही. ते पातळ झालं की आतला पिवळा थर जास्तच दिसतो. तुझी आजी असती तर म्हणाली असती, एवढं घासायचंच होतं तर माझी मिश्री काय वाईट होती!

आता माझं. तुला सांगितलं नव्हतं. डिसेंबरपासून मेपर्यंत मी रोज रात्री ट्रे घालून झोपत होते. माझ्या दातांचा साचा घेऊन केलेला पातळ ट्रे, १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल, प्रत्येक दाताला थेंबभर. ही रीत १९८९ साली अमेरिकेत हेवूड आणि हेमन या दोघांनी छापून सगळ्यांपुढे आणली. सापडली मात्र आधीच, साठच्या दशकात. आर्कान्सातल्या एका डॉक्टरनं हिरड्यांसाठी औषध दिलं होतं, तर दातच उजळले. माझे दात टेट्रासायक्लिनचे. लहानपणी तापात दिलेलं ते औषध घडत असलेल्या दातांतल्या कॅल्शियमला धरून बसलं. आता आठ वर्षांच्या आतल्या मुलांना ते सहसा देत नाहीत. असे डाग दोन आठवड्यांत हलत नाहीत, महिने लागतात. माझे करडे पट्टे बरेच फिके झालेत. हिरडीलगत अजून आहेत, तिथले सगळ्यात हट्टी असतात. पण मंगळबाजारात बांगडीवाली काहीतरी बोलली आणि मी मोठ्यानं हसले, हात वर न नेता. घरी येऊन रडले.

जेल फ्रिजमध्ये चक्क्याशेजारी असायचं. मुक्ता रोज बघायची. रात्री मी ओरडले, इतके सुंदर दात असताना हे काय केलंस? तर म्हणाली, "तू सहा महिने करत होतीस ना? मग माझे चांगले आहेत हे मला कसं कळणार?" आणि हे बोलताना तिचा हात तोंडावर होता, सुलू. तळवा जरा वाकवून, अंगठा गालाला. माझाच हात. मग मी जुने फोटो काढून बसले. पाचव्या वाढदिवसालाही तसाच हात आहे. मला कधी दिसला नाही.

फोटोच्या दिवशी तू हळूच म्हणाली होतीस, "विजू, तोंड मिटून हस गं." मग मी तीन आठवडे तुझ्याशी बोलले नाही, आणि तुला वाटलं, गणिताच्या वहीवरून. वहीवरून नव्हतं. तू मायेनं म्हणालीस, फोटोत मला कुणी हसू नये म्हणून. ते तेव्हाही कळत होतं. तरी हात त्या दिवसापासून वर जायला लागला. हे तुला इतक्या वर्षांत सांगितलं नाही. आज दोष द्यायला सांगत नाही. मुक्ताशी काय बोलू ते मला सुचत नाहीये, आणि ती तुझं ऐकते.

नातवाचं बारसं झालं का? नाव कळव. फ्लॅटचं काम कुठवर आलं? सासूबाईंना नमस्कार.

अष्टमीला ये. दोन दिवस राहा, लिलो चेवडा आणून ठेवते. आणि येताना तो फोटो आण. माझी प्रत मी तेव्हाच फाडली होती. मुक्ताला दाखवायचाय.

तुझी,
विजू