वॉलेट हॅक झालं म्हणजे नेमकं काय झालं, तेही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

क्रिप्टो चोरीची बातमी आली की मथळा जवळपास ठरलेला असतो, वॉलेट हॅक, इतके कोटी लंपास. आणि शेवटी एखाद्या तज्ज्ञाचं एक वाक्य, हार्डवेअर वॉलेट वापरा. संपली बातमी. हे वाक्य चूक नाहीये, मी स्वतः हार्डवेअर वॉलेट, म्हणजे क्रिप्टोची चावी सांभाळणारं छोटं डिव्हाइस, वापरते आणि ज्यांची गेली तर झोप उडेल एवढी रक्कम क्रिप्टोत आहे त्यांना घ्या म्हणूनच सांगते, पण तेवढ्यावर वाचकाला सोडून दिलं की त्याला वाटतं डिव्हाइस आणलं म्हणजे आपण सुटलो, आणि लोक लुटले जातात ते बऱ्याचदा याच समजुतीत असताना. म्हणून हे पत्र. लांबलंय, जागेसाठी कापायचं तर कापा, फक्त सीड फ्रेजचा, म्हणजे वॉलेटच्या गुप्त शब्दांचा, भाग राहू द्या.

आधी एक गोष्ट, त्या डिव्हाइसमध्ये कॉइन नसतात. बिटकॉइन काय नि इथर काय, हिशेब सगळा ब्लॉकचेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सामायिक नोंदवहीत असतो, आपल्याकडे असते ती प्रायव्हेट की, म्हणजे ते पैसे हलवायचा अधिकार. फोनवरच्या किंवा लॅपटॉपवरच्या वॉलेटमध्ये ही की त्याच मशीनवर असते जिथे आपण येता-जाता अ‍ॅप आणि ब्राउझर एक्स्टेन्शन टाकत असतो, त्यातलं एक जरी खराब निघालं तरी की बाहेर जाऊ शकते. हार्डवेअर वॉलेटमध्ये की आतच तयार होते, लॅपटॉप फक्त ट्रान्झॅक्शन पाठवतो, त्यावर मंजुरीची डिजिटल सही आत होते आणि बाहेर येते ती फक्त सही. २०१४ मध्ये प्रागच्या सातोशीलॅब्सचं ट्रेझर हे हार्डवेअर वॉलेट लोकांच्या हातात आलं, त्याच वर्षी फ्रान्समध्ये अशीच वॉलेट बनवणारी लेजर कंपनी सुरू झाली, आणि आजही मूळ कल्पना तीच आहे. योगायोग बघा, त्याच २०१४ च्या फेब्रुवारीत टोकियोचं माउंट गॉक्स हे क्रिप्टो खरेदी-विक्रीचं एक्स्चेंज कोसळलं, साडेआठ लाखांच्या आसपास बिटकॉइन गायब असल्याचं सांगितलं गेलं आणि त्यातले सुमारे दोन लाख नंतर सापडले. २०२२ च्या नोव्हेंबरात एफटीएक्स हे एक्स्चेंज बुडालं तेव्हाही ग्राहकांची अवस्था तीच, अ‍ॅपमध्ये बॅलन्स दिसत होता पण की कंपनीकडे होती. अशा बातमीत 'वॉलेट हॅक' लिहिलं तर वाचकाला कळणार कसं की त्या ग्राहकांकडे स्वतःचं वॉलेट मुळात नव्हतंच!

आता सीड फ्रेज. डिव्हाइस पहिल्यांदा चालू केलं की ते साधारण १२ किंवा २४ इंग्रजी शब्द दाखवतं आणि लिहून घ्या म्हणतं. हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतले असतात, बीआयपी-३९ नावाचं हे स्टँडर्ड २०१३ मधलं आहे आणि बहुतेक कंपन्या तेच वापरतात. म्हणजे डिव्हाइस हरवलं, मोडलं, कंपनी बंद पडली, तरी तेच शब्द त्याच क्रमाने दुसऱ्या कंपनीच्या डिव्हाइसमध्ये टाकले की सगळं परत मिळतं. आणि म्हणूनच ते शब्द ज्याच्या हाती पडले त्याला तुमचं डिव्हाइस लागत नाही, पिन लागत नाही, तुम्ही झोपलेले असताना तो दुसरीकडे बसून सगळं काढून नेतो. १२ शब्दांच्या शक्यता मोजायला गेलात तर आकडा ३९ अंकी होतो, नशिबाने कोणाला ते सापडणार नाहीत. म्हणून चोर अंदाज लावायच्या भानगडीत पडतच नाही, तो सरळ तुम्हालाच विचारतो.

कसं विचारतो त्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं. २०२० मध्ये लेजरच्या ऑनलाइन दुकानाचा ग्राहकांचा डेटा चोरीला गेला आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात तो उघड्यावर टाकला गेला, त्यात सुमारे २ लाख ७२ हजार लोकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर होते. डिव्हाइस फुटलं नव्हतं, एकाचीही की गेली नव्हती, पण या घरात क्रिप्टो आहे अशी तयार यादी चोरांना मिळाली. मग ईमेल सुरू झाले, तुमचं वॉलेट धोक्यात आहे, इथे क्लिक करून २४ शब्द टाका. २०२१ मध्ये तर काहींच्या घरी पोस्टाने पॅक केलेलं डिव्हाइसच आलं, सोबत कंपनीच्या नावाचं पत्र, की जुनं सुरक्षित राहिलेलं नाही, हे नवीन वापरा. ते अर्थात बनावट. मला या प्रकरणाचा फार राग येतो, कारण ही ती माणसं होती ज्यांनी पैसे खर्च करून सुरक्षित राहायचा प्रयत्न केला होता.

म्हणून अगदी स्पष्ट लिहिते. ते शब्द फक्त त्या छोट्या डिव्हाइसवरच टाकायचे, तेही ते पुन्हा सेट करताना. काही जुन्या मॉडेलमध्ये कंप्युटरवर शब्द टाइप करायची सोय होती, पण ज्याला आजच घ्यायचंय त्याने ती वाटच धरू नये. वेबसाइटवर नाही, अ‍ॅपमध्ये नाही, सपोर्टवाला म्हणवणाऱ्याला तर अजिबातच नाही, खरी कंपनी ते कधी मागत नाही. फोटो काढायचा नाही कारण तो आपल्या नकळत क्लाउडवर चढतो, स्वतःला मेल करायचा नाही, नोट्समध्ये ठेवायचे नाहीत. कागदावर इंग्रजी स्पेलिंगसकट, नंबर घालून लिहायचे, देवनागरीत उतरवून ठेवू नका, घाईच्या वेळी स्पेलिंग आठवत बसावं लागतं. आग-पाण्याची भीती असेल तर स्टीलच्या प्लेटवर कोरून ठेवता येतात. एक प्रत दुसऱ्या जागी असावी पण मग ती जागाही तेवढीच भरवशाची हवी.

बरेच जण एक पायरी गाळतात. मोठी रक्कम पाठवायच्या आधी डिव्हाइस रिसेट करायचं आणि लिहिलेल्या शब्दांवरून पुन्हा उभं करून बघायचं. एक शब्द चुकीचा लिहिला गेला असेल तर तो तेव्हा कळतो, आणि तेव्हा कळला तर काही बिघडत नाही.

घ्यायचं तर कंपनीकडून किंवा तिने नेमलेल्या विक्रेत्याकडूनच, सेकंडहँड तर नकोच. २०२३ मध्ये कॅस्परस्की या सायबरसुरक्षा कंपनीने एका बनावट ट्रेझरची तपासणी करून माहिती दिली होती, बाहेरून हुबेहूब खऱ्यासारखं, पण आत सॉफ्टवेअर बदललेलं आणि सीड फ्रेज नवीन तयार न होता आधीच ठरवलेल्या २० मधली एक यायची. डबा उघडल्यावर आत शब्द छापलेलं कार्ड निघालं तर त्या डिव्हाइसवर एक रुपयाही पाठवू नका.

आता ज्यांना वाटतं डिव्हाइसवर बटण दाबलं की प्रश्न मिटला, त्यांच्यासाठी बायबिट या एक्स्चेंजचं उदाहरण. २१ फेब्रुवारी २०२५, जवळपास दीड अब्ज डॉलरचं इथर एका झटक्यात गेलं, आणि एफबीआयने त्यामागे उत्तर कोरिया असल्याचं सांगितलं. तिथे एकापेक्षा जास्त लोकांच्या सह्या लागत होत्या, हार्डवेअर वॉलेटही वापरात होती, आणि प्रायव्हेट की एकही चोरीला गेली नाही. पण सही करणाऱ्यांना वेब पेजवर नेहमीचं ट्रान्सफर दिसत होतं आणि सही होत होती ती वॉलेटचा ताबाच दुसऱ्याला देणाऱ्या ट्रान्झॅक्शनवर. याला ब्लाइंड सायनिंग म्हणतात. डिव्हाइसने त्याचं काम केलं, जे दिलं त्यावर सही केली. आपल्यासारख्यांच्या बाबतीत हेच छोट्या प्रमाणात होतं, फुकट टोकन देतो म्हणणारी साइट परवानगी मागते, डिव्हाइसवर काहीतरी अगम्य अक्षरं येतात, आपण ओके करतो. समजलं नाही तर रिजेक्ट, दुसरा मार्ग नाही. आणि अ‍ॅड्रेस (पैसे जिथे पाठवायचे तो, खाते क्रमांकासारखा) पूर्ण वाचायचा, तो डिव्हाइसच्या स्क्रीनवरच, कारण कॉपी-पेस्ट करताना अ‍ॅड्रेस बदलणारे व्हायरस आहेत, आणि सुरुवातीची नि शेवटची अक्षरं जुळणारे खोटे अ‍ॅड्रेस तुमच्या हिस्टरीत मुद्दाम घुसवणारेही आहेत.

डिव्हाइसच चोराच्या हातात पडलं तर? २०२० च्या जानेवारीत क्रॅकेन एक्स्चेंजच्या सिक्युरिटी टीमने ट्रेझर हातात घेऊन १५ मिनिटांत त्यातून सीड काढून दाखवली होती. यावर उपाय म्हणून सीड फ्रेजच्या जोडीला वेगळा पासफ्रेज, म्हणजे स्वतः ठरवलेला आणखी एक गुप्त शब्द, लावता येतो, पण तो विसरलात तर पैसे कायमचे गेले, त्यामुळे नवख्या माणसाने त्यात पडू नये असं माझं मत आहे. तुमच्या मागे घरात एकाला तरी माहीत हवं की असं काहीतरी आहे आणि ते शब्द कुठे ठेवलेत, नाहीतर चोराशिवायच सगळं जातं.

तर संपादक महोदय, विनंती अशी की पुढची बातमी छापताना वार्ताहराला तीन गोष्टी विचारायला लावा: प्रायव्हेट की कोणाकडे होती, शब्द कुठे टाइप केले गेले, आणि सही करताना स्क्रीनवर काय दिसत होतं. उत्तर मिळालं नाही तर तसं लिहा, पण 'वॉलेट हॅक' एवढ्यावर थांबू नका. आणि दरवेळी खाली एक चौकट द्या, की गेलेली क्रिप्टो फी घेऊन परत मिळवून देतो म्हणणारे जे लोक अशा वेळी फोन आणि मेसेज करतात त्यांना पैसे देऊ नका, सीड फ्रेज तर नाहीच नाही. ज्याचं नुकतंच गेलंय तो माणूस तुमची ती बातमी वाचतच असतो, आणि त्याच्याकडे उरलेलंही तेव्हाच जाऊ शकतं.

आपली,
एक नियमित वाचक