समर टायर पावसात चालवायचा नसतो, हे मला लेखी द्या

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग, आणि त्यांच्या वरचे जे कोणी हे पत्र वाचतील ते

पुणे, १३ सप्टेंबर २०२५

विषय : २२५/४५ आर १७, ९४ वाय या मापाचे चार टायर, खरेदी १८ जानेवारी २०२५. मागचे दोन बदलून मिळण्याबाबत. पाचव्यांदा.

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी माझं शेवटचं बोलणं झालं. फोन ठेवल्यावर चार मिनिटांत एसएमएस आला : ‘आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे.’ तक्रार सुटलेली नाही. त्या फोनवर तुमच्या माणसानं मला जे सांगितलं ते तुमच्या कारखान्यातल्या कुणाही माणसाला पटणार नाही, म्हणून हे पत्र थेट वर पाठवतोय.

तुमचा टायर तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे मुद्द्यावर येतो.

याआधी माझ्या गाडीला तुमचंच जुनं स्पोर्ट मॉडेल होतं. त्यावर मी ४४,००० किलोमीटर आणि चार पावसाळे काढले. त्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, मऊ होती, स्टिअरिंगला उत्तर द्यायला तो किंचित उशीर लावायचा, पण ओल्या रस्त्यावर त्यानं मला एकदाही दगा दिला नाही. खाचेतल्या खुणेपर्यंत, म्हणजे खाचेची खोली १.६ मिलिमीटर उरेपर्यंत तो झिजत आला तेव्हाच मी तो उतरवला. नवीन घ्यायला तुमच्या पुण्यातल्या अधिकृत दुकानात गेलो, तेव्हा काउंटरवरच्या तुमच्या छापील तक्त्यात जुनं आणि नवं मॉडेल शेजारी शेजारी होतं. कोरड्या रस्त्यावरची पकड : नवा पुढे. ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग : नवा बराच पुढे. टायरचं आयुष्य : जुना पुढे. आयुष्याची पट्टी आखूड दिसत असूनही मी नवा घेतला, कारण ओल्या रस्त्याची पट्टी लांब होती. मला महिन्यातून दोनदा बोरघाट उतरावा लागतो. फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून ५६,८०० रुपये दिले. बिल सोबत जोडलंय.

फेब्रुवारी ते मे मी त्या टायरवर खूश होतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण मला तुमच्या टायरबद्दल आकस नाही. मार्चमध्ये ताम्हिणीतून गेलो तेव्हा गाडीचं नाक वळणात जसं शिरत होतं तसं जुन्या टायरवर कधीच शिरलं नव्हतं. एक्स्प्रेस वेच्या काँक्रीटवर आवाज थोडा जास्त, पौड रोडच्या खड्ड्यात दणका जास्त. पण अशा टायरची साइडवॉल कडक असते, हे धरूनच मी तो घेतला होता. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती आणि आजही नाही.

५ जुलैला, आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, आईला ताईकडे पनवेलला सोडायला निघालो. आई मागच्या सीटवर होती. घाट उतरताना मुसळधार नव्हता, पण रस्ता पूर्ण भिजलेला होता. डावी लेन, काट्यावर ४५, पुढे ट्रक. डाव्या वळणात हलका ब्रेक दाबला आणि गाडीची मागची बाजू उजवीकडे निसटली. समोरच्या पॅनेलवर दिवा फडफडला, गाडीतल्या यंत्रणेनं एकेक चाक आवरलं, आणि गाडी पुन्हा रेषेत आली. उजव्या लेनमध्ये त्या क्षणी कुणी नव्हतं. तिथे एखादी बस असती तर आज हे पत्र मी लिहीत नसतो. आईनं पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. पनवेलपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

पुढचे टायर घट्ट होते, मागचे सुटले. चारही एकाच मॉडेलचे, एकाच दिवशी बसवलेले, हवा चारहीत बरोबर. मग असं का व्हावं? पुण्याला परतल्यावर गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा उत्तर सापडलं. तारखेचा चार आकडी शिक्का टायरच्या आतल्या अंगाला आहे, त्यामुळे खरेदीच्या दिवशी मला तो दिसला नव्हता. पुढच्या दोन्हींवर ‘३०२४’, म्हणजे २०२४ चा ३० वा आठवडा. मागच्या दोन्हींवर ‘१४२१’. २०२१ चा १४ वा आठवडा! मला नवे म्हणून विकले तेव्हा ते दोन टायर पावणेचार वर्षांचे झालेले होते. ते कुठल्या गोदामात, कुठल्या पत्र्याखाली तापत पडले होते, देव जाणे.

माझ्या मित्राचं भोसरी एमआयडीसीत रबरी गॅस्केट बनवायचं वर्कशॉप आहे. त्याच्याकडे रबराचा कडकपणा मोजायचं ड्युरोमीटर असतं. एकाच सकाळी, गाडी तासभर सावलीत उभी ठेवून, त्यानं प्रत्येक टायरवर पाच ठिकाणी मोजलं. पुढचे ६५ ते ६६ शोर ए (हे कडकपणाचं माप, आकडा जितका मोठा तितकं रबर कडक). मागचे ७३ ते ७४. रबर कडक झालं की ओल्या डांबराच्या बारीक खडबडीत ते नीट बसत नाही आणि पकड जाते. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, याच मऊपणासाठी तर तुम्ही ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या थरात, सिलिका घालता आणि त्याचेच जास्तीचे पैसे घेता. वर तुमच्या दुकानानं कडक झालेली जोडी मागे बसवली. चांगली पकड असलेली जोडी मागच्या चाकांना द्यायची, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणारी, असली तरीही, हा टायरच्या धंद्यातला पहिला धडा आहे. पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते आणि माणूस वेग कमी करून सावरतो. मागचं घसरलं तर गाडी गरकन फिरते.

मी १० जुलैला पहिला फोन केला. २३ जुलैला तुमचा निरीक्षक आला. त्यानं बाहेरच्या बाजूनं मोबाइलवर फोटो काढले, ट्रेडची खोली मोजली (चारही ६.३ मिलिमीटरच्या वर), आणि सहा मिनिटांत निघाला. तारखेचे शिक्के बघा म्हटलं, तर ‘ते फॉर्ममध्ये नाही’ म्हणाला. कडकपणा मोजायचं साधन त्याच्याकडे नव्हतं. आठ दिवसांनी अहवाल आला : ‘उत्पादनदोष आढळला नाही. झीज वापरजन्य.’ झिजेबद्दल मी एक अक्षरही बोललो नव्हतो. दुसऱ्या फोनवर सांगितलं, टायर बनल्यापासून पाच वर्षांपर्यंत तो नवाच धरतात. तिसऱ्या फोनवर सांगितलं, ‘गणपतीनंतर साहेब स्वतः बोलतील.’ विसर्जन होऊन आठवडा होत आला. साहेबांचा फोन आलेला नाही. चौथ्या फोनवर भोसरीच्या मोजणीचा विषय काढला, तर ‘बाहेरचा रिपोर्ट ग्राह्य धरत नाही.’ मग आतला रिपोर्ट करा ना! त्यावर उत्तर नाही.

आता कालचा फोन. तुम्ही कॉल रेकॉर्ड करता असं सुरुवातीला सांगितलं जातं, तेव्हा १२ सप्टेंबर, दुपारी सव्वातीनचं रेकॉर्डिंग काढा आणि ऐका. मी नाव विचारलं होतं, ते इथे लिहीत नाही. त्या मुलाचा दोष कमी आहे, त्याला ज्यांनी शिकवलं त्यांचा जास्त.

त्यानं माझी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाला, “सर, तुमच्याकडे जो टायर आहे तो समर टायर आहे.”

“हो,” मी म्हटलं.

“समर म्हणजे उन्हाळा, सर.”

मला वाटलं पुढे काहीतरी असेल. तो थांबला. मी विचारलं, “मग?”

“तुम्ही सांगताय की प्रॉब्लेम जुलैमध्ये आला. जुलै म्हणजे पावसाळा. समर टायर पावसात वापरल्यामुळे हे झालंय, सर. हे वॉरंटीत बसत नाही.”

मी त्याला पुन्हा विचारलं, तो नक्की हेच म्हणतोय का. तो म्हणाला, “हो सर.” मी म्हटलं, “म्हणजे पुण्यातल्या माणसानं जून ते सप्टेंबर गाडी झाकून ठेवायची?” तो म्हणाला, “सर, ते तुमच्यावर आहे.” मी म्हटलं, “मग पावसात चालेल असा तुमचा टायर कोणता?” त्यानं मला थांबायला सांगितलं. अकरा मिनिटं तुमची जाहिरात ऐकली, आणि त्या जाहिरातीत भिजलेल्या रस्त्यावर याच टायरचं कौतुक चाललं होतं. परत येऊन तो म्हणाला, “सर, रेन टायर असा आपल्याकडे प्रकार नाही.” मी वरिष्ठांना जोडून द्या म्हटलं. “तेही हेच सांगतील, सर.” आणि शेवटी, “घाटात स्पीड जास्त असेल, सर, बघा.”

मी ५२ वर्षांचा आहे, ३० वर्षं गाडी चालवतोय. आई मागे बसलेली असताना घडलेल्या गोष्टीचं खापर या मुलानं उन्हाळ्यावर आणि मग माझ्यावर फोडलं. रात्री मला झोप लागली नाही, हे मी सरळ सांगतो.

समर टायर म्हणजे काय, हे तुमच्या ग्राहक सेवेला कुणीतरी शिकवा. हा शब्द बर्फ पडणाऱ्या देशांतून आला. तिथे पारा सातच्या आसपास उतरला की या टायरचं रबर ताठरायला लागतं, म्हणून थंडीसाठी वेगळे विंटर टायर लावतात. उबदार हवेत, कोरड्यात आणि पावसातही, समर टायरच सरस. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक गाडीला वर्षभर समर टायरच असतो, फक्त तसं कुणी म्हणत नाही. माझा धाकटा भाऊ श्टुटगार्टला असतो, दर ऑक्टोबरला टायर बदलतो आणि ईस्टरनंतर परत हेच समर टायर चढवतो. त्याच्याकडे तुमचं हेच मॉडेल आहे. युरोपात प्रत्येक टायरला लेबल लावावं लागतं, आणि त्यावर पावसाचं चित्र काढून ओल्या रस्त्यावरच्या पकडीची ए ते ई अशी श्रेणी छापतात. तुमच्या या टायरला ए मिळालाय. त्यानं मला लेबलाचा फोटो पाठवला, तो जोडलाय. श्टुटगार्टच्या पावसात ए, आणि खंडाळ्याच्या पावसात ‘वापरायलाच नको होता’?

आणि वेगाचं. टायरवर ‘वाय’ हे अक्षर तुम्ही छापलंय. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर. ३०० साठी प्रमाणित केलेला टायर ४५ ला निसटला, आणि तुमचा माणूस मला वेग बघायला सांगतो. मी ४५ ला होतो. पुन्हा लिहितो, ४५. गाडीत डॅशकॅम आहे, त्यातही वेग नोंदला गेलाय.

माझ्या घरात २००९ पासून तुमच्या कंपनीचे टायर आहेत. ताईच्या गाडीला मीच सुचवले, सोसायटीतल्या दोघांनाही मीच. ती दोन्ही माणसं आता मला विचारतात, ‘तुझ्या टायरचं काय झालं?’ माझा विश्वास उडाला आहे तो रबरावरून नाही. नवा टायर खरोखर नवा असतो तेव्हा तो काय करतो, हे माझ्या पुढच्या दोन चाकांनी मला दाखवलंय. म्हणून तर जास्त वाईट वाटतं. चांगला माल बनवायचा, मग तो चार वर्षं गोदामात टाकायचा, ताज्या जोडीबरोबर विकायचा, आणि माणूस घसरला की त्याला समर शब्दाचा अर्थ सांगायचा.

मला हवंय ते असं. मागचे दोन्ही टायर विनाशुल्क बदलून द्या. नवीन जोडी पुढच्या जोडीच्या आधीच्या वर्षाची नसावी, आणि बसवण्यापूर्वी तारखेचे शिक्के मला दाखवावेत. ते जमत नसेल तर चारही टायर परत घ्या आणि ५६,८०० रुपये द्या. आणि काल मला जे तोंडी सांगितलं ते लेखी द्या : ‘आमचा हा टायर पावसात वापरण्यासाठी नाही.’ कंपनीच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह. ते द्यायला तयार नसाल तर ते विधान मागे घेतल्याचं लेखी द्या. दोन्हीपैकी एक.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवस थांबेन. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पुण्याच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करेन. ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही, त्यामुळे मी कंटाळून सोडून देईन असं धरून चालू नका. बिल, शिक्क्यांचे फोटो, ड्युरोमीटरच्या नोंदी, डॅशकॅमची चित्रफीत, भावानं पाठवलेलं लेबल आणि तुमचा सहा मिनिटांचा अहवाल, सगळं फाइलला लावून तयार आहे. कालच्या कॉलचं रेकॉर्डिंग मी तुमच्याकडून आयोगामार्फत मागवेन. ते पुसलं जाणार नाही याची जबाबदारी आजपासून तुमची.

तोपर्यंत गाडी शहरातच चालवतोय. आई गेल्या रविवारी पनवेलला एसटीनं गेली. मी सोडतो म्हटलं, तर म्हणाली, “टायर बदलून मिळाले की सांग.”

आपला ग्राहक
(नाव, पत्ता आणि गाडीचा क्रमांक बिलावर आहे)

सोबत : वर उल्लेख केलेली सहा कागदपत्रं आणि फोटो